प्लग बदलल्याने मिक्स्चर बदलतं का? पहिल्यांदाच बोनेट उघडणाऱ्यांसाठी

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो, खंबाटकीचा चढ लागला, तिसऱ्या गिअरला अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि गाडीने असे झटके द्यायला सुरुवात केली की मागे बसलेली आई म्हणाली, अरे क्लच नीट सोड की. क्लचचा काही संबंध नव्हता. गाडी मिसिंग मारत होती, म्हणजे मधूनच एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतच नव्हतं. तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, 2014 चं मॉडेल, मी सेकंडहँड घेतलेली, आणि प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी टाकणारे स्पार्क प्लग) कधी बदललेत याचा पत्ता नाही. अ‍ॅव्हरेज सतरावरून साडेतेरावर आलेलं ते मी ट्रॅफिकच्या नावावर खपवत होतो.

परत आल्यावर एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी सायलेन्सरजवळ वास घेतला, म्हणाले साहेब रिच चालतेय (म्हणजे पेट्रोल जास्त), मिक्स्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) बिघडलंय, इंजेक्टर (पेट्रोल फवारतो तो) साफ करू, ऑक्सिजन सेन्सरही बदलावा लागेल. आकडा ऐकून मी घरी आलो. नंतर एका मित्राचा ओबीडी डोंगल (गाडीचा कॉम्प्युटर काय म्हणतो ते मोबाईलवर दाखवणारं यंत्र) लावून बघितला तर कॉम्प्युटर म्हणतोय गाडी लीन आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय! नाक म्हणतं रिच, सेन्सर म्हणतो लीन. शेवटी निघालं काय, तर तीन जुने प्लग. ते मी स्वतः बदलले आणि बदलताना एक चूक करून अजून एक भानगड ओढवून घेतली, ती पण पुढे सांगतो. तुमचा एक रविवार वाचला तर बरं म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

1) आधी हे डोक्यात बसवा: प्लग मिक्स्चर बनवत नाही

हवा किती आणि पेट्रोल किती हे ठरवायचं काम इंजेक्टर आणि ईसीयूचं (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर), जुन्या गाडीत कार्बोरेटरचं. प्लग फक्त ठिणगी टाकतो. साध्या पेट्रोलला वजनाने साधारण 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल हे पूर्ण जळणारं प्रमाण. पेट्रोल जास्त झालं तर रिच, कमी पडलं तर लीन. (आता पंपावर ई20 मिळतं, इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो त्यामुळे हा आकडा 14 च्याही खाली येतो. ईसीयू ते सांभाळून घेतो, पण आकडे वाचताना लक्षात ठेवा.)

मग प्लग खराब झाला की मिक्स्चर का बिघडतं? कारण ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजतच नाही. तो सायलेन्सरच्या पाईपात उरलेला ऑक्सिजन मोजतो. एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही तर तिथली हवा आणि पेट्रोल दोन्ही न जळता तसंच्या तसं बाहेर येतं. सेन्सरला दिसतो फक्त ऑक्सिजन. तो ओरडतो, हवा जास्त झाली, पेट्रोल वाढवा.

पंगतीचं उदाहरण घ्या. एकजण जेवलाच नाही, पानात पोळ्याही तशाच आणि भाजीही तशीच. वाढप्याला लांबून फक्त उरलेल्या पोळ्या दिसल्या, त्याला वाटलं भाजी कमी पडली, म्हणून त्याने सगळ्यांच्याच पानात भाजी ओतली. आता जे दोघं नीट जेवत होते त्यांनाही भाजी जास्त झाली. अ‍ॅव्हरेज पडतं ते असं, वासही असा येतो. गॅरेजवाल्याचं नाक बरोबर होतं आणि डोंगलही बरोबर होता, बदलायला सांगितलेला सेन्सर मात्र निर्दोष होता.

सगळ्या गाड्या असंच वागतात असं नाही हं. काही ईसीयू मिसफायर पकडला की त्या सिलिंडरचं पेट्रोलच बंद करतात किंवा सेन्सरचं ऐकणं थांबवतात. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल (नुसता लागलेला नाही, लुकलुकणारा) तर गाडी पळवत राहू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा भाग) जाऊन जळतं आणि तो वितळतो. प्लगच्या किमतीत आणि त्याच्या किमतीत जमीन अस्मानाचा फरक आहे.

2) पाना हातात घ्यायच्या आधी आकडे लिहून ठेवा

ही पायरी सगळे गाळतात. मग प्लग बदलल्यावर "पिकअप वाढल्यासारखा वाटतोय" एवढंच सांगता येतं. नवीन प्लग टाकल्यावर पिकअप सगळ्यांनाच वाढल्यासारखा वाटतो, पैसे गेलेले असतात ना.

आपल्याकडे एप्रिल 2013 पासून गाड्यांना ओबीडी-2 सक्तीचं आहे, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. ब्लूटूथचा साधा डोंगल आणि मोबाईलवर एखादं अ‍ॅप पुरतं. गाडी पूर्ण गरम होऊ द्या, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं चालवून या, थंड इंजिनमध्ये ईसीयू सेन्सरकडे बघतच नाही. मग बघा:

- शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम (ट्रिम म्हणजे ईसीयूने पेट्रोलमध्ये टक्क्यांत केलेली कमीजास्त): हा सारखा उड्या मारतो, फार मनावर घेऊ नका.
- लाँग टर्म फ्युएल ट्रिम: हा खरा. प्लसमध्ये असेल तर ईसीयू पेट्रोल वाढवतोय, मायनसमध्ये असेल तर कमी करतोय. शून्याच्या आसपास पाच टक्के इकडेतिकडे म्हणजे छान, दहापर्यंत चालून जातं, त्यापुढे काहीतरी आहे.
- कोड (ईसीयूने नोंदवलेल्या दोषाचा नंबर): पी0300 म्हणजे कुठलाही सिलिंडर अधूनमधून मिस, पी0301 म्हणजे पहिला, 0302 दुसरा, असं. पी0171 लीन, पी0172 रिच.

माझ्याकडे लाँग टर्म प्लस 18 आणि पी0302. ट्रिमचे आकडे आयडलिंगला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू) आणि 2500 आरपीएमला वेगवेगळे लिहा, ते का ते आठव्या पायरीत येईल.

3) प्लग कुठला आणायचा

मॅन्युअलमध्ये जो नंबर दिलाय तोच. मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीच्या साईटवर बहुतेक वेळा मिळतं. दुकानात जाताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि आरसीवरचा इंजिन नंबर घेऊन जा, कारण एकाच नावाच्या गाडीत दोन वेगवेगळी इंजिनं येतात आणि दुकानदार "चालतंय हो" म्हणून काहीही हातात ठेवतो.

नंबर वाचता आला तर फसवणूक कमी होते. उदाहरणार्थ एनजीकेचा बीपीआर6ईएस-11. बी म्हणजे 14 मिलिमीटरचे आटे, पी म्हणजे पुढे आलेलं चिनी मातीचं टोक, आर म्हणजे आत रेझिस्टर, 6 ही हीट रेंज, ई म्हणजे 19 मिलिमीटर लांबी, एस साधा कॉपर कोअर, आणि 11 म्हणजे गॅप (ठिणगी जिथे उडी मारते ती फट) 1.1 मिलिमीटर.

हीट रेंजमध्ये लोक फार शहाणपणा करतात. एनजीकेमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड, बॉशमध्ये बरोबर उलटं, आकडा मोठा तितका गरम. त्यामुळे "आधीचा 6 होता, याच्यावर 7 आहे म्हणजे चांगला" असं नसतं. आणि गरम-थंड म्हणजे ठिणगी गरम-थंड नाही, टोकाची उष्णता हेडमध्ये (इंजिनचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतो) किती लवकर जाते ते. टोक साधारण 450 ते 850 अंश सेल्सिअसमध्ये राहिलं तर काजळी आपोआप जळून जाते. जास्त थंड प्लग टाकला की मिक्स्चर अगदी बरोबर असूनही प्लग काळा पडतो, आणि मग कोणीतरी तो बघून रिच म्हणून मिक्स्चरच्या मागे लागतं.

इरिडियम (त्या धातूचं बारीक टोक असलेला महाग प्लग) घ्यावा का? टिकतो जास्त, साधे निकेलचे मॅन्युअलप्रमाणे तीस-चाळीस हजार किलोमीटरला बदलावे लागतात, इरिडियम लाखाच्या आसपास जातो. पण इरिडियम टाकून अ‍ॅव्हरेज दोन-तीनने वाढतं हे जे सांगतात, त्यांचे जुने प्लग मेलेले होते, साधे नवीन टाकले असते तरी वाढलंच असतं. माझं मत, कंपनीने साधे दिलेत तर साधे टाका.

आणि डुप्लिकेटपासून सांभाळा. पॅकिंग हुबेहूब असतं. चिनी मातीवरचं छापील नाव नखाने पुसलं जात असेल, आटे खरखरीत असतील, मधला इलेक्ट्रोड वाकडा दिसत असेल तर परत करा.

4) सामान

प्लग सॉकेट (बऱ्याच नवीन गाड्यांना 16 चा, जुन्यांना 21 चा, काहींना 14 चा, आधी मोजा), आत रबर किंवा चुंबक असलेला घ्या नाहीतर प्लग तो बसतो त्या खोल खड्ड्यातून वर येत नाही. लांब एक्स्टेन्शन, रॅचेट, कॉईलच्या (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देते ती) बोल्टला 10 चा सॉकेट, फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), टॉर्क पाना असेल तर उत्तम, नसेल तर त्याशिवायची पद्धत सांगतो. हवा मारायला सायकलचा पंपही चालतो. वीतभर रबरी नळीचा तुकडा. मार्कर, एक जुना पुठ्ठा आणि मोबाईलचा कॅमेरा. कॅमेरा गंमत म्हणून नाही लिहिलेला, प्रत्येक पाईप काढायच्या आधी फोटो काढा.

5) काढणं

इंजिन पूर्ण थंड पाहिजे. पूर्ण म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग फिरवला तर प्लगबरोबर आटेही येतात, आणि हेडचे आटे गेले की मग काम रविवारचं राहत नाही.

चावी काढा. वर एअर फिल्टरचा डबा किंवा पाईप आडवा येत असेल तर फोटो काढून सोडवा. कॉईलचा कनेक्टर त्याची खिट्टी दाबून काढा, वायर धरून ओढू नका, जुन्या गाडीत ही खिट्टी बिस्किटासारखी तुटते. बोल्ट काढून कॉईल थोडी डावी-उजवी फिरवत वर ओढा. आता खड्ड्यात हवा मारा. त्यात वाळू, पानं, कधी मेलेला किडा सुद्धा असतो, प्लग काढल्यावर ते सगळं सरळ सिलिंडरमध्ये जाईल. खड्ड्यात तेल साचलेलं दिसलं तर वरच्या कव्हरचं गॅस्केट किंवा तिथलं सील गेलंय, ते न बदलता नुसते प्लग टाकले तर कॉईलचं रबरही लवकर खराब होणार.

एकेकच सिलिंडर करा. विशेषतः जुन्या, लांब वायरी असलेल्या गाड्यांत. चारही वायरी एकदम काढल्या आणि क्रम विसरलात तर गाडी चालू होणार नाही किंवा मागे फटाके फोडेल.

6) जुना प्लग वाचा

पुठ्ठ्यावर 1, 2, 3 लिहून त्या क्रमाने प्लग ठेवा. हा माझा सगळ्यात आवडता भाग, कारण प्लग मिक्स्चर बनवत नसला तरी त्याची चुगली मात्र अगदी बरोबर करतो.

फिकट तपकिरी किंवा राखाडी म्हणजे सगळं ठीक. कोरडी, मखमलीसारखी, बोटाला लागणारी काळी काजळी म्हणजे रिच. काळं पण ओलं आणि चिकट असेल तर ते पेट्रोल नाही, इंजिन ऑईल वर येतंय. पेट्रोलने ओला आणि वास मारणारा म्हणजे त्या सिलिंडरला ठिणगीच नव्हती. पांढराफटक, टोकावर फोड आल्यासारखा म्हणजे लीन, किंवा हीट रेंज चुकीची.

पण एक प्लग बघून निकाल देऊ नका, सगळे शेजारी शेजारी बघा. सगळे सारखे काळे असतील तर कारण सगळ्यांना सामाईक आहे, म्हणजे सेन्सर, पेट्रोलचं प्रेशर, थंड इंजिनने रोजचं दोन किलोमीटर चालणं वगैरे. एकच वेगळा असेल तर भानगड त्याच सिलिंडरची: प्लग, कॉईल, इंजेक्टर. माझा पहिला आणि तिसरा काळपट, दुसरा ओला. म्हणजे पंगतीतला न जेवलेला दुसरा, आणि भाजी ओतली गेलेले बाकीचे दोघं. पुठ्ठ्यावर सगळी गोष्ट मांडलेलीच होती.

अजून एक. आदल्या रात्री गाडी अर्धा तास नुसती चालू ठेवून उभी केली असेल तर प्लगवर आयडलिंगची काजळी दिसेल, ती रस्त्यावरची परिस्थिती नाही. आणि सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचे प्लग मुळातच पांढरट स्वच्छ दिसतात, त्यात काजळी होतच नाही, ते बघून लीन म्हणू नका.

7) गॅप आणि बसवणं

गॅप मोजा, नवीन प्लगचासुद्धा, डबा रस्त्यात आपटलेला असू शकतो. माझ्या दुसऱ्या प्लगचा गॅप 1.0 चा 1.4 झाला होता, इलेक्ट्रोड झिजून. गॅप वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि सिलिंडरमधलं प्रेशर वाढलं की अजून जास्त. म्हणून सपाट रस्त्यावर गुण्यागोविंदाने चालणारी गाडी घाटात मिस मारते. लीन मिक्स्चर पेटवायलाही व्होल्टेज जास्तच लागतं, त्यामुळे कधीकधी उलटंही असतं, मूळ दोष लीनचा आणि नाव प्लगचं. इरिडियमच्या बारीक टोकाला गेज घुसवून गॅप वाढवू नका, तुटतो, नुसतं तपासा.

बसवताना रबरी नळीत प्लगचं वरचं टोक अडकवून हाताने फिरवा. आटे तिरके बसत असतील तर नळी आपोआप घसरते, पाना घसरत नाही तो सरळ आटे कापतो. हाताने पूर्ण बसल्यावर वॉशरवाला नवीन प्लग अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, बस. जुनाच परत लावत असाल तर साधारण बारावा हिस्सा फेरा, वॉशर नसलेल्या निमुळत्या बैठकीच्या प्लगला सोळावा हिस्सा. टॉर्क पाना असेल तर 14 मिलिमीटरला 25 ते 30 न्यूटन मीटर, 12 मिलिमीटरला 15 ते 20, आणि मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर मॅन्युअलचं ऐका. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावू नका, घर्षण कमी होऊन प्लग नकळत जास्त आवळला जातो.

8) पाईप परत लावणं, इथे मी फसलो

प्लग बदलल्यानंतर मिक्स्चर खरोखर बिघडतं ते बहुतेक वेळा इथे. मी डबा परत लावला, क्लिपा लावल्या, गाडी चालू केली, आयडलिंग बाराशेवर आणि वरखाली. पाऊण तास नवीन प्लगला शिव्या घातल्या. मग आधी काढलेला फोटो बघितला, तर डब्याच्या मागची करंगळीएवढी व्हॅक्युमची नळी लावायचीच राहिली होती.

गाडीत हवा मोजायच्या दोन पद्धती असतात. ज्यांच्यात पाईपातच हवेचा सेन्सर असतो (मास एअर फ्लो), त्यांच्यात सेन्सरनंतर कुठूनही हवा शिरली तर ती मोजलीच जात नाही आणि गाडी लीन होते. अशी गळती आयडलिंगला मोठा प्लस ट्रिम दाखवते आणि 2500 आरपीएमला कमी होते. दोन्हीकडचे आकडे लिहा म्हटलं ते यासाठी. ज्यांच्यात मॅनिफोल्डमधलं (सिलिंडरांना हवा वाटून देणारा पाईप) प्रेशर मोजतात (माझी तशी), त्यांच्यात आलेली हवा मोजली जाते, पेट्रोलही त्या हिशेबाने जातं, म्हणून लीन होण्यापेक्षा आयडलिंग चढतं.

9) ईसीयूला वेळ द्या

जुने प्लग असताना ईसीयूने जास्त पेट्रोल द्यायची सवय लावून घेतलेली असते. नवीन प्लग टाकले तरी पहिले काही किलोमीटर तो तेवढंच देतो, थोडा वास येईल, घाबरू नका. डोंगलने कोड पुसा. बॅटरीचा मायनस काढला तरी बहुतेक गाड्यांत शिकलेलं पुसलं जातं, पण घड्याळ, रेडिओ आणि आयडलिंगचं शिकणंही जातं, म्हणून मी ते टाळतो. शहर आणि हायवे मिळून शंभरेक किलोमीटर चालवा आणि मग परत आकडे बघा. माझा प्लस 18 चा प्लस 3 झाला. अ‍ॅव्हरेज फुल टाकी ते फुल टाकी, एकाच पंपावर मोजा, मीटरवरच्या आकड्यावर जाऊ नका.

मिसफायरचा कोड परत आला तर त्या सिलिंडरची कॉईल शेजारच्यात टाका. कोड कॉईलबरोबर गेला तर कॉईल खराब. कोड नाही पण ट्रिम प्लसच, तर नळ्या, पेट्रोल प्रेशर आणि ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सायलेन्सरचा जॉइंट कुठे फुंकतोय का ते बघा, तिथून आत ओढली गेलेली हवाही सेन्सरला लीन वाटते.

10) कार्बोरेटर आणि सीएनजीवाल्यांसाठी थोडं

जुनी पद्मिनी, कार्बोरेटरची 800 किंवा ओम्नी असेल तर तिथे सेन्सर नाही, म्हणजे वाढपी आंधळा. प्लग मिस मारला म्हणून पेट्रोल आपोआप वाढत नाही. पण माणूस वाढवतो! प्लग कमजोर असताना आयडलिंग नीट व्हावं म्हणून कोणीतरी मिक्स्चर स्क्रू उघडून ठेवलेला असतो, आणि नवीन प्लग टाकल्यावर तो रिचच राहतो. म्हणून क्रम असा: आधी प्लग, मग एअर फिल्टर (कार्बोरेटरमध्ये चोक झालेला फिल्टर गाडी रिच करतो), आणि ट्यूनिंग सगळ्यात शेवटी, गरम इंजिनवर.

सीएनजीला हवा जास्त लागते, मिथेनला साधारण 17.2 ला 1, आणि पेटवायला व्होल्टेजही पेट्रोलपेक्षा जास्त. त्यामुळे पेट्रोलवर गुळगुळीत आणि सीएनजीवर झटके असं असेल तर किटचं ट्यूनिंग करायला पळायच्या आधी प्लग काढून बघा. सीएनजीवर ते लवकर झिजतात, मॅन्युअलमध्ये बदलायचं अंतर आणि गॅप वेगळा दिलेला असेल तर तोच पाळा.

माझे जुने तीन प्लग अजून त्या पुठ्ठ्यावरच आहेत, शेजारी तारीख आणि मीटरचं रीडिंग. सोसायटीत कोणाची गाडी झटके मारायला लागली की आधी तो पुठ्ठा मागायला येतात.